नवशे अठ्ठ्याऐंशी एकादशा

भिमाजी : …चाळीस वर्सं धर. वर्साच्या चोवीस. झाल्या नवशे साठ. वर धोंड्याचे म्हैने चौदा, त्यांच्या दोन-दोन जादा, त्या अठ्ठावीस. म्हंजे नवशे अठ्ठ्याऐंशी. हजाराला बारा कमी. तुज्या बानं, सोपान्यानं, जल्मात एक एकादस केली न्हाई, आन पळीभर पान्यात ह्या समद्या त्याच्या नावावर. एवढा फायदा उभ्या मावळात कुनाला झाला नसंल.

हौशीराम : आबा, तुमी मोजत बसा. कार्ल्याच्या जोशीबुवांनी टाईम दिलाय. आज दुपारी सव्वाला पंचक लागतंय. मगा मालगाडी गेली ती अकराची. साडेबाराला पुन्याची पॅसिंजर. तिच्यामागनं पाऊन तास, की लागलंच.

भिमाजी : पंचक काय तुज्या रेल्वेत नोकरीला हाय, वेळेवर यायला?

हौशीराम : चेष्टा नको. पंचकात मानूस गेलं की घरातली आनखी पाच मागनं वढतं. आत माज्या नंदाला नववा म्हैना लागलाय. पयलं पोर हाताला लागलं न्हाई. आता हे तरी…

झुंबरबाई : पिठाचे पाच पुतळे करून संगं जाळत्यात. तोड हाय त्याला.

हौशीराम : रखमाजीच्या घरी जाळले की पाच पुतळे. सा म्हैन्यांत तिगं गेली. तू बी गेलतीस त्या दारात तिन्ही खेपंला.

झुंबरबाई : गेलते.

हौशीराम : मग आये, इचार कसला करतीस? नऊ दिस झाले बाला खाली घोंगडीवर घेऊन. वैद्य म्हनला व्हता दोन दिस. पोटात पान्याबिगर काय न्हाई, तरी जीव सुटंना. डोळं सारखं दाराकडं. कशात तरी अडकलाय जीव. जोशीबुवांनी इचारलं, घरात एकादशा कुनी केल्यात का? म्हनलं, आयेनं केल्यात, लगीन झाल्यापास्नं एक चुकवली न्हाई. तर म्हनले, मग घोर कसला. तिच्या हातावर पानी, पान्यावर तुळशीचं पान. ‘माज्या एकादशा तुमाला दिल्या’ म्हनून तिनं ते त्याच्या हातावर सोडायचं. घटकेभरात मोकळा. एवढंच काम हाय.

झुंबरबाई : एवढंच हाय तर तू सोड.

हौशीराम : माज्याकडं कुटल्या एकादशा? पॉइंट्समनच्या ड्यूटीत उपास करून खांबाखाली पडू व्हय?

भिमाजी : तुज्याकडं न्हाईत, माज्याकडं बी न्हाईत. आपुन दोगं सोपानच्याच तालमीतले. एकादस आली की गडी मुद्दाम गवताची गाडी जुपायचा लोनावळ्याला. घरी वरीचा भात, तितं सुक्या बोंबलाचा रस्सा. एकादशीला बैलांना बी कळायचं, आज कुटं जायचं ते.

हौशीराम : आबा.

भिमाजी : गप बसतो.

हौशीराम : आये, ऊठ. तुळस मी खुडून आनली. पळी-पंचपात्र आनलंय. तू नुसतं बोल.

झुंबरबाई : माज्याकडं तेवढ्या न्हाईत.

हौशीराम : न्हाईत म्हंजे? आबांनी आत्ता मोजल्या.

झुंबरबाई : आबांनी केलेल्या मोजल्या. असलेल्या न्हाई मोजल्या.

हौशीराम : हे काय कोडं घालतीस? आख्खं भाजं गाव सांगंल तुज्या उपासाचं. माज्या लग्नाच्या दिशी एकादस पडली तर तू जेवली न्हाईस. पंगत तुज्याकडं बगत व्हती.

झुंबरबाई : गावानं माज्या तोंडात घास न्हाई गेला एवढं बगितलं. पुढचं गावाला काय ठावं?

हौशीराम : मला ठावं हाय. सांगू? तुला बाला द्यायचंच न्हाई. लोनावळ्याच्या त्या बाईपायी. गाडीवाल्यांना भाकऱ्या करून घालायची ती. मानमोडीच्या साथीत मेली, त्याला अठरा वर्सं झाली. मेलेल्या बाईचा डूख धरून तू जित्या मानसाला नऊ दिस जमिनीवर झिजवतीस.

झुंबरबाई : रतनबाई.

हौशीराम : नाव कशाला घेतीस ह्या येळंला?

झुंबरबाई : तू ‘ती बाई, ती बाई’ म्हनतोस म्हनून. नाव व्हतं तिला.

भिमाजी : हौशा, हिकडं ये. पळत जा आन कस्तुराबाईकडनं गंगेची कुपी आन. काशीला जाऊन आली न्हवं ती.

हौशीराम : जोशीबुवा म्हनले, हिरीचं चालतं.

भिमाजी : जोशीबुवा कार्ल्याचा. भाज्यात गंगाच लागती. आन तिनं काशीचं सांगायला काढलं तर उभ्यानंच हो म्हन आन नीघ. ती मुंबईच्या गाडीत बसल्यापास्नं सुरू करती.

हौशीराम : आबा, आये ऐकंल का पन?

भिमाजी : तू कुपी आन. ऐकायचं आमी बगतो.

(हौशीराम ओट्यावरून उतरून जातो.)

भिमाजी : गेला. बस वयनी. आता मला सांग.

झुंबरबाई : काय सांगू?

भिमाजी : मी आदी सांगतो. खाली घेतल्याच्या दुसऱ्या दिशी सोपाननं माजा हात धरला. तवा बोलत व्हता थोडं. म्हनला, भिमा, रतनला मरताना कुनी पानी पाजलं असंल का रं?

झुंबरबाई : तुमाला इचारलं?

भिमाजी : मला. मी काय सांगनार? म्हनलं, असंल की, शेजारीपाजारी असत्यात. त्यानं हात सोडला. त्याला ठावं व्हतं, त्या साथीत शेजारी न्हवते. आख्खी आळी उठून डोंगराला गेली व्हती. ती एकटीच मागं. आन सोपान हितं, ह्याच ओट्यावर, पाय पोटाशी घेऊन. रोगाला भ्याला, त्याच्याहून जास्ती लोकांना भ्याला. मी म्हनलं व्हतं त्याला, मी येतो संगं. न्हाई उठला.

झुंबरबाई : मला ठावं हाय न्हाई उठले ते. मी भाकऱ्या थापत व्हते, आतनं पाठ दिसत व्हती.

भिमाजी : तवापास्नं त्याच्या मनात त्योच काटा हाय. एकादशा न्हाईत त्याला पायजे. ‘दिलं व्हतं पानी’ एवढं सांगनारं कुनीतरी पायजे. मी खोटंच सांगनार व्हतो. पन माजं तोंड त्याला पाठ हाय, वयनी. लगीच वळखतो.

झुंबरबाई : खोटं सांगायची गरज न्हाई.

भिमाजी : म्हंजे?

झुंबरबाई : मी पाजलं.

भिमाजी : तू?

झुंबरबाई : कार्तिकातली एकादस व्हती. औंढ्याला भावाकडं जाते म्हनून निगाले आन लाईनी-लाईनीनं लोनावळ्याला गेले. दार उगडंच व्हतं. चुलीला चार दिस जाळ न्हवता. तांब्या तिच्या उशाशी, पन पालथा पडल्याला. तिला हात पुरत न्हवता.

भिमाजी : तू कशाला गेलीस? तुजं काय देनं लागत व्हती ती?

झुंबरबाई : देनंघेनं कुटं आलं? मानूस पान्यावाचून पडलंय म्हनून कानावर आलं. तुमचा सोपान न्हाई उठला. मग कुनी उठायचं? घरातलं एक मानूस उठाय पायजे का नको?

भिमाजी : पुढं?

झुंबरबाई : पाजलं. पदर भिजवून तोंड पुसलं. तिनं डोळं उगडलं. म्हनली, “तुमी झुंबरबाई न्हवं?” म्हनलं, व्हय. आता ती काय बोलंल, मला कळंना. तर तिच्या तोंडावर एवढी लाज आली भावजी, मरनाऱ्या मानसाच्या तोंडावर. ती बगवंना. म्हनून मी म्हनलं, त्यांनीच धाडलंय मला.

भिमाजी : सोपाननं धाडलं?

झुंबरबाई : तसं म्हनलं. तर ती हसली. म्हनली, “मला ठावं व्हतं, त्ये कुनाला तरी धाडत्याल.” तेवढंच. मग घशात घरघर लागली. हातात दुसरं काय न्हवतं. तांब्यातलं उरल्यालं पानी घेतलं, तुळस न्हवती, दारातल्या दवन्याचं पान टाकलं, आन बावीस वर्सांच्या एकादशा तिच्या हातावर सोडल्या. तुमी मोजा आता.

भिमाजी : पाचशे अठ्ठावीस. धोंड्याचे आट, त्यांच्या सोळा. पाचशे चव्वेचाळीस.

झुंबरबाई : एवढ्या गेल्या.

भिमाजी : थांब. खोटं बोलून वर पुन्य द्यायचं, ते पोचतं का? हे जोशीबुवाला इचाराय पायजे.

झुंबरबाई : नका इचारू. सव्वा रुपाया घेईल आन न्हाई म्हनंल.

भिमाजी : बरं, पाचशे चव्वेचाळीस गेल्या. उरल्या की चारशे चव्वेचाळीस. त्या दे ह्याला. सोपानला तेवढ्या बी लय झाल्या. बोंबलाच्या रश्श्याच्या मानानं लयच.

झुंबरबाई : त्या देन्याजोग्या न्हाईत.

भिमाजी : का?

झुंबरबाई : मी घरी आले, त्यांना काय बोलले न्हाई. म्हनलं, एकदा तरी इचारत्याल. कुटं गेलतीस, चप्पल का भिजली, कायतरी. इचारलं न्हाई. आट दिसांनी बातमी आली, ती गेली म्हनून. हे गोठ्यात जाऊन बसले. मला कळलं, ह्यांना वाटतंय ती तशीच तडफडून गेली. आन मी वाटू दिलं. अठरा वर्सं ताटात समदं वाढलं भावजी, तेवढं एक न्हाई वाढलं.

भिमाजी : अठरा वर्सं.

झुंबरबाई : एकादशीला तर जास्तीच. पोटात अन्न नसायचं, पन पोट रिकामं कुटं व्हतं? दिसभर मी बगत बसायचे, आज तरी तोंड उगडतोय का हा मानूस. त्यांना झोप लागायची न्हाई, कुशीवर कुशी. मला लागायची. असला उपास कुनाच्या हातावर सोडू? त्यानं सुटायचा जीव आनखीच बांधला जाईल.

भिमाजी : मग नुसतं जाऊन सांग. पानी नको, तुळस नको.

झुंबरबाई : नऊ दिस त्योच इचार करतेय. रोज उंबऱ्यापत्तुर जाते.

भिमाजी : मग अडतं कुटं?

झुंबरबाई : सांगितलं की त्ये मोकळे. मग माज्याकडं काय राहिलं? त्यांनी माजं काय ठेवलंय दुसरं? एवढी एकच गोष्ट व्हती, जी मला ठावं आन त्यांना न्हाई.

भिमाजी : वयनी, मी अडानी मानूस. पन मला वाटतं, हितं दोन जीव अडकलेत. एक आत घोंगडीवर हाय. दुसरा माज्यासमोर बसून तांदूळ निवडतोय, आन मगापास्नं खडे सुपात ठेवून तांदूळ खाली टाकतोय.

झुंबरबाई : …बगा की. समदं नासलं.

हौशीराम : आनली कुपी. आबा, तिनं मला नाशकापत्तुर आनूनच सोडलं. पॅसिंजरचा सिग्नल पडलाय. आये?

झुंबरबाई : दे हिकडं.

हौशीराम : देतीस?

झुंबरबाई : बाहीर थांबा दोगं. दार लोटून घेते.

हौशीराम : मी आत येतो. मुलानं मांडी द्याची असती.

झुंबरबाई : मांडी पळून जात न्हाई. हाक मारीन.

भिमाजी : बस हौशा. जाऊ दे तिला.

हौशीराम : आबा, कशी ऐकली ती?

भिमाजी : मी म्हनलं, हौशाची रजा संपली.

हौशीराम : संपलीच हाय. आट दिसांची दिली व्हती, कालच भरली. आज संध्याकाळी पॉइंटावर उभा न्हाई राहिलो तर माज्या जागी दुसरा… काय बोलतीया ती एवढं? मंत्र केवढा असतो?

भिमाजी : मोठा असतो. चाळीस वर्सांचा हाय.

हौशीराम : बाचा आवाज न्हाई येत.

भिमाजी : त्यानं ऐकायचं असतं. बोलायचं नसतं.

हौशीराम : ही आली बगा पॅसिंजर. साडेबारा. …आबा, एक इचारू?

भिमाजी : इचार.

हौशीराम : नऊ दिस मी रोज सकाळी उठून आदी छातीकडं बगतोय, हालती का. आन हालली की मला वाईट वाटतंय. माज्या बापाची छाती. त्यानं मला खांद्यावर बसवून ह्या समद्या डोंगरातनं हिंडवलाय. मला त्यो मरायला नको हाय. नंदाच्या पोटापायी मागतोय मी. हे माज्या नावावर लिव्हलं जाईल का?

भिमाजी : लिव्हनारा बी कुनाचा तरी बाप असंल. बगंल सांभाळून.

हौशीराम : रडतंय का कुनी आत?

भिमाजी : थांब.

हौशीराम : आबा, बा रडतोय. त्यो आवाज बाचा हाय. जाऊ द्या मला.

भिमाजी : बस म्हनतो ना. नऊ दिसांत त्याच्या डोळ्याला पानी आलं न्हाई, येतंय तर येऊ दे.

हौशीराम : थांबला. …थांबला आबा. आये. आये, काय झालं? झालं का?

झुंबरबाई : कुपी धर. निम्मी उरली, कस्तुराबाईला परत दे. नंदाला म्हनावं, पेज टाक.

हौशीराम : पेज?

झुंबरबाई : पातळ. मीठ घालून. मागत्यात.

हौशीराम : कोन मागतंय?

झुंबरबाई : तुजा बा. आनि कोन हाय आत?

हौशीराम : म्हंजे उदक सोडलं न्हाईस?

झुंबरबाई : पाजलं. घोटभर घेतलं. म्हनले, पेज हाय का.

भिमाजी : सोपान्या लेका. कवाच दिल्या वेळंला निगाला न्हाई.

हौशीराम : अगं पन सव्वाला पंचक लागतंय. आता पेज घेऊन त्यो दोन दिसांनी गेला तर? भर पंचकात? म्हंजे मी काय केलं हे समदं? आये, हसतीस काय, माजी बायको आत हाय.

झुंबरबाई : हौशा, हिकडं बग. किती दिस असतं पंचक?

हौशीराम : पाच.

झुंबरबाई : पाच दिस त्ये कुटं जात न्हाईत. मी सांगते तुला. पुढचं माजं न्हाई, पन पाच दिस माजे. संध्याकाळच्या गाडीनं तू ड्यूटीवर जा.

हौशीराम : हे तू कशावरनं सांगतीस?

झुंबरबाई : चाळीस वर्सं झोपलेय त्या मानसाच्या शेजारी. जा, आदी पेजंचं सांग. आन नंदाला म्हनावं, वाकून फुंकू नको, फुकनी घे.

हौशीराम : मला काय कळंना झालंय. …नंदे, अगं ए, पेज. व्हय, पेज. त्यालाच.

भिमाजी : गेला. वयनी, पाच दिसांचा शबूद दिलास. कुनाच्या जोरावर?

झुंबरबाई : तुमी म्हनला न्हवं, सांगितलं की जीव सुटंल. सांगितलं. पयल्यांदा सांगितलं तवा रडले. म्हनले, परत सांग. दुसऱ्यांदा सांगितलं. मग पेज मागितली. आन आता इचारत्यात, लुगडं कंचं व्हतं तिचं, रागाला व्हती का, माजं नाव घेतलं का, आनि काय म्हनली. मी म्हनलं, पेज घ्या, मग सांगते. तर म्हनले, मांडी दे, उठून बसतो.

भिमाजी : तू रोज थोडं थोडं सांगनार.

झुंबरबाई : पंचक उतरंस्तवर. ऐकायचं राहिलंय म्हनल्यावर मानूस जातोय कशाला?

भिमाजी : म्हंजे बेरीज मांडू का? रतनला पाचशे चव्वेचाळीस गेल्या. सोपानला न केल्या कामाचं नाव मिळालं, वर पेज. हौशाची नोकरी राहिली, सुनेचे पाच दिस टळले. कस्तुराबाईला अर्धी कुपी गंगा परत. मी सकाळपास्नं ओट्यावर हाय, मला कुनी चाय इचारला न्हाई, ते सोड. पन ती मरताना बोलली किती, ते सांग. पाच दिस पुरंल एवढं हाय का?

झुंबरबाई : दोनच बोल बोलली.

भिमाजी : मग?

झुंबरबाई : मग काय. बाकीचं मी पदरचं घालीन.